युद्धाच्या दिवसांतला रेडिओ पुन्हा लावताना: ठाणे-नवी मुंबईतल्या मंडळांसाठी सविस्तर मार्गदर्शक

युद्धावरचा कार्यक्रम म्हटलं की आपल्याकडे साचा ठरलेला असतो. चार-पाच देशभक्तीपर गाणी, मधूनमधून भारदस्त निवेदन, पडद्यावर रणगाड्यांची चित्रं आणि शेवटी सगळ्यांनी उभं राहून घोषणा. मुलं मन लावून गातात, पालक व्हिडिओ काढतात. पण त्या दिवसांत आपल्याच गावातल्या माणसांचं आयुष्य कसं चाललं होतं, हे कुणालाच कळत नाही.

मला वाटतं याला एक चांगली वाट आहे. युद्ध दाखवायला जाऊ नका, युद्धाची बातमी ऐकणारं घर दाखवा. एक खोली, एक संध्याकाळ, एक रेडिओ आणि त्याच्याभोवती जमलेली माणसं. ठाण्यातल्या बहुतेकांनी उत्तर आफ्रिकेतली तोब्रुकची लढाई पाहिली नव्हती, सिंगापूर जपान्यांच्या हाती पडताना पाहिलं नव्हतं. इथल्या बहुतेक माणसांपर्यंत युद्ध पोचलं ते कानांतून, म्हणून ते पुन्हा उभं करायचं तर तेही कानांतूनच करावं. वाचनालयाचा हॉल, शाळेचा वर्ग किंवा सोसायटीचं क्लब हाऊस यांपैकी काहीही चालतं. खर्च फार येत नाही, मेहनत मात्र भरपूर आहे.

प्रसंग निवडा, आणि एकच निवडा

'दुसरं महायुद्ध' हा विषय होत नाही. एका तारखेची एक संध्याकाळ हा विषय होतो. आपल्या परिसराला जोडलेले प्रसंग कमी नाहीत.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. जहाजावर कापसाच्या गासड्या होत्या आणि जवळजवळ १,४०० टन स्फोटकं. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा.

२७ ऑगस्ट १९४२. २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटर्सवर, 'भारतात कुठूनतरी' अशी ओळख देत. पोलिसांना चुकवत जागा बदलत तो चालला आणि १२ नोव्हेंबरला पकडला गेला.

२ जानेवारी १९४३. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज पुरवणारे मनोरे पाडले होते. श्राव्य नाट्यासाठी यात मोठी ताकद आहे, कारण मनोरा पडला की रेडिओही गप्प होतो.

१० जुलै १९४४. माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे इटलीत लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इथे रेडिओपेक्षा टपाल जास्त बोलेल.

कल्याण-उल्हासनगरच्या मंडळींना विषय शोधायला लांब जावं लागणार नाही. युद्धकाळात तिथे लष्करी छावणी होती आणि फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित राहिले. आजही तिथल्या पत्त्यांत 'बॅरेक नंबर' लिहितात. नवी मुंबईकरांनी ध्यानात ठेवायचं ते एवढंच, की हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापनाच १९७० ची. १९४४ चं वाशी किंवा बेलापूर म्हणजे आगरी-कोळ्यांची गावं, खाडी आणि मिठागरं. तिथल्या घराचं नाटक लिहायचं तर भाषा, घर आणि कामधंदा त्या गावाचाच हवा. पुणेरी वाड्यातलं घर उचलून कोपरखैरण्यात ठेवू नका.

पहिल्यांदाच करत असाल तर १९७१ घ्या. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी हवाई हल्ले झाले, मध्यरात्रीनंतर इंदिरा गांधी रेडिओवर देशाशी बोलल्या, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. तेव्हा शाळेत असलेली माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. काचांना लावलेले कागद, दिव्यांवरची झाकणं, ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेले वडील, हे सगळं त्यांना लख्ख आठवतं.

पुढची सगळी उदाहरणं मी गोदीच्या स्फोटाची घेतो. माझ्या मते आपल्या भागासाठी याहून चांगला विषय नाही.

दोन रकाने आखा

सगळ्या कामाचा कणा हाच. एका मोठ्या कागदावर दोन रकाने करा. डावीकडे लिहा, 'त्या दिवशी घरातल्या माणसांना काय माहीत होतं'. उजवीकडे, 'आज आपल्याला काय माहीत आहे'. संहितेत फक्त डावा रकाना वापरायचा. उजवा रकाना प्रयोगानंतरच्या गप्पांसाठी राखून ठेवायचा.

गोदीच्या स्फोटाचं बघा. जहाजाचं नाव, स्फोटकांचं वजन, अग्निशमन दलाचे साठाहून अधिक जवान गेले, शेकडो माणसं मेली, सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली, हे सगळं उजवीकडे. डावीकडे काय उरतं? एक दणका. मग दुसरा. दक्षिणेकडे धूर. आणि गोदीकडे कामाला गेलेला माणूस घरी आलेला नाही.

युद्धकाळातल्या सेन्सॉरशिपमुळे वार्ताहरांना या घटनेच्या बातम्या बाहेर पाठवायची परवानगी मिळाली ती थेट मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र १५ एप्रिललाच तपशीलवार बातमी दिली होती. आपल्या दारातली गोष्ट शत्रूच्या रेडिओवर ऐकू यावी, यापेक्षा मोठं नाट्य कुठून आणणार? हे नाट्य डाव्या रकान्याला चिकटून राहिलात तरच हाती लागतं. पात्रांच्या तोंडी मृतांचे आकडे घातलेत की प्रसंग तिथेच विझतो.

माहिती कुठे मिळेल? ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे, सुरुवात तिथून करा. सरकारी कागदांसाठी काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य अभिलेखागार आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' घरबसल्या पाहता येतं. रेडिओच्या वेळापत्रकासाठी ऑल इंडिया रेडिओचं 'द इंडियन लिसनर' हे नियतकालिक शोधा, त्याचे पुष्कळ अंक स्कॅन होऊन इंटरनेटवर आले आहेत. कुठल्या दिवशी, किती वाजता, कोण गायलं हे त्यात छापलेलं असतं. संहितेतला रेडिओ दुपारी चार वाजता लावायचा असेल तर त्या वेळी मुंबई केंद्र चालू होतं का, हे आधी त्यात बघा. खात्री झाली नाही तर त्या प्रवेशात ग्रामोफोन वापरा आणि रेडिओ संध्याकाळी लावा.

एक बारकावा सहसा कुणी बघत नाही. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतातली घड्याळं एक तास पुढे केलेली होती. एप्रिलमधला सूर्यास्त त्या घड्याळात आठच्या सुमाराला होईल. 'दिवेलागणीला सात वाजता' असं लिहाल तर चुकेल.

म्हाताऱ्या माणसांशी बोला, तेही याच महिन्यात

१९४४ आठवणारी माणसं आता नव्वदीत आहेत. संहिता लिहून झाल्यावर बोलू, असं म्हणू नका. ज्येष्ठ नागरिक संघ, जुन्या चाळी, गावठाणं, माजी सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, सगळीकडे विचारा.

'युद्धाबद्दल काय आठवतं?' असं विचारलंत तर पाठ्यपुस्तकातलं उत्तर येतं. आवाजाबद्दल विचारा. रेडिओ कुणाच्या घरी होता? बातम्या लागल्या की गप्प बसा असं कोण ओरडायचं? खिडकीतून ऐकायला उभं राहिलं तर चालायचं का? दिवे बंद करा म्हणून गल्लीत कोण हाका मारायचं? रेशनच्या रांगेत बायका काय बोलायच्या? अशा प्रश्नांना माणूस डोळे मिटून उत्तर देतो, आणि ते ऐकताना तुमची अर्धी संहिता तयार होते.

रेकॉर्डिंगला आधी परवानगी घ्या, शक्यतो लेखी, आणि कार्यक्रमात खरं नाव वापरायचं का हेही तेव्हाच विचारा. मोबाइल चालेल, पण पंखा बंद करा आणि फोन त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. बैठक पाऊण तासाच्या वर नको. घरचं कुणीतरी सोबत असू द्या, अर्धवट आठवण नातवंडं पुरी करतात. एखादी आठवण फार जिव्हारी लागली असं दिसलं तर फोन बंद करून नुसतं बसून राहा.

संहिता: माणसं थोडी, शांतता भरपूर

चाळीस मिनिटांचा कार्यक्रम पुरे. रेडिओवरचं मराठी सावकाश असतं, मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द. चाळीस मिनिटांतली पंधरा संगीताची धरली आणि चार-पाच नुसत्या आवाजांची, तर बोलायला वीस मिनिटं उरतात. म्हणजे जेमतेम अडीच हजार शब्द. लिहिताना ही मर्यादा पाळा.

रेडिओ तेव्हा दुर्मीळ होता. १९४७ साली देशात ऑल इंडिया रेडिओची केंद्रं होती सहा आणि रेडिओसंच जेमतेम पावणेतीन लाखांच्या घरात. तेव्हा सामान्य चाळीत प्रत्येक खोलीत रेडिओ दाखवू नका. एका घरी संच आणि दारात-ओसरीवर शेजारी, असं चित्र ठेवा. त्यामुळे गर्दीही मिळते आणि वेगवेगळ्या थरांतली माणसं एकत्र आणता येतात.

नमुन्यासाठी १५ एप्रिलच्या रात्रीचा एक तुकडा देतो. पात्रं काल्पनिक आहेत.

(घड्याळाचे नऊ ठोके. खिडकीच्या झडपा लावल्याचा आवाज.)
वहिनी : अण्णा, सारखं ते बटण फिरवू नका ना. यांना आत्ता कुठे डोळा लागलाय.
अण्णा : हातांना मलम लावलंस?
वहिनी : लावलं. बोलत काहीच नाहीत. पाणी मागतात, तेवढंच.
(शॉर्टवेव्हची शिट्टी. एक परका आवाज वर येतो, बुडतो. 'बॉम्बे' एवढंच कळतं.)
बंडू : अण्णा, बॉम्बे म्हणाला!
अण्णा : हळू. थांब जरा.
(आवाज पुन्हा वर येतो. 'डॉक्स'. मग खरखर.)
अण्णा : सायगाव आहे.
वहिनी : म्हणजे जपानी?
अण्णा : हो.
वहिनी : आपलं माणूस भाजून घरी आलं काल, आणि ते सायगावला ठाऊक?
(आतून खोकला. रेडिओ बंद केल्याची टिक. पाच सेकंद काहीही नाही.)

इथे कुणी कुणाला इतिहास सांगत नाही. सायगाव रेडिओ नेमकं काय म्हणाला याचे शब्द आपल्याकडे नसतील तर ते रचायचे नाहीत, खरखरीत बुडवायचे. त्या काळच्या शॉर्टवेव्हवर ऐकू यायचंही तसंच. आणि ती पाच सेकंदांची शांतता कापू नका. तालमीत नट घाईघाईने पुढचं वाक्य घेतात, त्यांना थांबवा.

पहिल्या दिवसाच्या प्रवेशासाठी एक हिशेब कामी येईल. गोदीपासून ठाणे सरळ रेषेत साधारण ३० किलोमीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणजे ४ वाजून ६ मिनिटांचा दणका ठाण्याला पोचायला जवळजवळ दीड मिनिट लागेल. त्या दीड मिनिटात घरात काहीतरी अगदी साधं चालू ठेवा. तांदूळ निवडणं, मुलाचे पाढे, ग्रामोफोनवरचं पद. पाढे बावीस सक वर आले की दणका. प्रेक्षकांना मागाहून, गप्पांच्या वेळी सांगा की बावीस एके चालू होतं तेव्हा गोदीत सगळं घडून गेलेलं होतं.

बोली आणि संबोधनं

१९४४ च्या घरात सून नवऱ्याचं नाव घेत नाही, 'हे', 'यांना' म्हणते. सासऱ्यांना अहो-जाहो. लोकल जीआयपी रेल्वेची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला), कारण मध्य रेल्वे हे नाव १९५१ नंतरचं. रुपयाचे सोळा आणे, दशमान पैसे १९५७ नंतर आले. रेडिओवरची उद्घोषणा 'ऑल इंडिया रेडिओ, मुंबई' अशी. ट्रान्झिस्टर १९५४ च्या आधी बाजारातच नव्हता, तेव्हा १९४४ च्या प्रवेशात तो दिसता कामा नये. १९६५ किंवा १९७१ ला मात्र हमखास हवा.

काँग्रेस रेडिओ करत असाल तर प्रसारण हिंदुस्थानी आणि इंग्रजीत ठेवा, कारण ते त्या भाषांत होत असे. मराठी येऊ द्या ती ऐकणाऱ्या घरात.

बातम्या वाचायला बाई ठेवली तर इतिहासाशी विसंगत ठरेल असं अनेकांना वाटतं. तसं मुळीच नाही. बीबीसीचं मराठी प्रसारण १९४२ साली लंडनहून सुरू झालं आणि जॉर्ज ऑर्वेल ज्या विभागात काम करत होता त्याच विभागात वेणू चितळे ही मराठी बाई युद्धाच्या काळात माइकसमोर होती. शाळकरी मुलींना हे सांगून बघा, आवाजात लगेच फरक पडतो.

संगीत

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट पेटीची. ऑल इंडिया रेडिओने १ मार्च १९४० पासून हार्मोनिअमवर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. युद्धकाळातला रेडिओ उभा करायचा आणि गायकाच्या साथीला पेटी, हे जमायचं नाही. सारंगी मिळाली तर उत्तम, नाहीतर व्हायोलिन, तानपुरा, तबला. ठाण्यात व्हायोलिन शिकणारी मुलं सहज मिळतील. पेटी वापरायचीच असेल तर ती घरात, भजनात किंवा रस्त्यावरच्या कलापथकात वापरा. तिथे ती हवीच. रेडिओतून येणारं संगीत पेटीविना आणि घरातलं पेटीसह, एवढा फरक नुसता ऐकवला तरी जाणकार माणसं सावरून बसतात.

दुसरं, शाहिरी. मराठीत दुसऱ्या महायुद्धाचं सर्वांत जोरकस गाणं रेडिओच्या बाहेर, कामगार वस्त्यांत झालं. अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. व्होल्गेकाठची लढाई वाटेगावच्या माणसाने डफावर मांडली, ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असायलाच हवी. १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. कार्यक्रमात रेडिओची औपचारिक मराठी संपते आणि गल्लीतून डफ-तुणतुणं ऐकू येतं, असा एक सांधा जरूर ठेवा.

तिसरं, हक्कांचं. लेखक, कवी, संगीतकार यांच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं हक्क राहतो. देवल १९१६ साली गेले, गडकरी १९१९ साली, भा. रा. तांबे १९४१ साली, खाडिलकर १९४८ साली, साने गुरुजी १९५० साली. या सगळ्यांचं लेखन खुलं आहे, आणि नाट्यपदं तर त्या काळी घराघरांत म्हटली जायची. चाल कुणाची आहे हे मात्र वेगळं तपासा, कारण पद खुलं असून चाल नंतरची असू शकते. अण्णाभाऊ १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या रचनांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. कुसुमाग्रजांचा 'विशाखा' १९४२ चा आणि त्या काळाला अगदी शोभणारा, पण कवी १९९९ साली गेले, तेव्हा तिथे परवानगी लागेल. ध्वनिमुद्रिकेचा हिशेब प्रकाशनानंतरच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं, म्हणून युद्धकाळातल्या तबकड्यांचं मुद्रण खुलं झालंय, त्यातलं गीत-संगीत मात्र असेलच असं नाही.

हौशी मंडळाने तिकीट न लावता श्रोत्यांसमोर सादर केलं तर कायद्यात सूट आहे. ती सूट यूट्यूबला लागू नाही. व्हिडिओ टाकायचा असेल तर सुरुवातीपासून खुल्या रचनाच निवडा. ऑल इंडिया रेडिओची ती सकाळची ओळखधून वॉल्टर कॉफमन यांची. नाझींमुळे युरोप सोडून मुंबईत आलेला ज्यू संगीतकार, आणि त्याच्या धुनेवर आपल्या कित्येक पिढ्या जाग्या झाल्या. ते १९८४ साली गेले, त्यामुळे धून सभागृहात वाजवा, अपलोड करताना वगळा.

नवं लिहायलाही कचरू नका. भाऊ सैन्यात गेलेल्या बहिणीसाठी जात्यावरची ओवी अशी चालेल:

दारीच्या पिंपळाखाली टपालवाला ग थांबला
बंधवाचा कागद माझ्या सात समिंदरी लांबला

सोबत खरं जातं फिरवा. जात्याची घरघर आणि रेडिओची खरखर एकापाठोपाठ आली की निवेदकाची गरज उरत नाही.

रेडिओचं खोकं आणि त्यातला आवाज

जुना व्हॉल्व्हचा संच चोर बाजारात किंवा कुणाच्या माळ्यावर मिळेल. तो विजेला जोडू नका. आत अडीचशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि काही संचांची धातूची बैठकच थेट विजेशी जोडलेली असते. मागची फळी काढून आत ब्लूटूथ स्पीकर ठेवा, डायलमागे पिवळा एलईडी लावा, काम झालं. खरा छोटा एफएम ट्रान्समीटर वापरायचा मोह होईल, पण विनापरवाना प्रसारण हा गुन्हा आहे.

महत्त्वाचं हे, की रेडिओचा आवाज रेडिओतूनच आला पाहिजे. सभागृहाच्या दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून बातम्या आल्या तर खोली मोडते. श्रोते शंभरच्या वर असतील तर संचाच्या मागे एक छोटा स्पीकर दडवा, पण दिशा तीच ठेवा.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. मुंबई केंद्राचा मध्यमलहरी आवाज हवा तर १५० हर्ट्झच्या खालचं आणि ४,५०० च्या वरचं कापा, मोनो करा, मागे अगदी बारीक घुमणं ठेवा. शॉर्टवेव्हसाठी ३०० ते ३,००० इतकंच ठेवा आणि आवाज सहा-सात सेकंदांच्या लाटेत वर-खाली करा. लाटा एकसारख्या नकोत. व्हॉल्व्हचा संच लावला की लगेच बोलत नाही, तापायला अर्धं मिनिट घेतो आणि मग आवाज हळूहळू उमलतो. तो अर्धा मिनिट वाट पाहणारी माणसं दाखवा. दहा इंची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपते, तेव्हा ग्रामोफोनवर सात मिनिटांचं गाणं वाजवू नका.

लांबच्या स्फोटाचा आवाज सिनेमासारखा फुटत नाही. अंतरावरून फक्त खालचे सूर पोचतात. १२० हर्ट्झच्या वरचं जवळजवळ सगळं काढा, शेपूट लांब ठेवा आणि त्याचबरोबर रंगमंचावर तसबिरीची काच किंवा मांडणीवरची भांडी खरोखर हलवा. जांभळी नाक्यावर पत्र्याचा तुकडा मिळेल, तो जवळच्या गडगडाटाला. सुपात तांदूळ डावी-उजवीकडे फिरवले की खाडीचं पाणी. सेलोफेन कागद माइकजवळ चुरगाळला की आग. ही कामं मुलांना प्रेक्षकांसमोर बसून करू द्या, लहानांना नाटकाइतकाच त्यांत रस असतो.

भोंग्याबद्दल गंभीरपणे सांगतो. मे २०२५ मध्ये ठाणे-मुंबईसह देशभर नागरी संरक्षणाच्या कवायती झाल्या, आणि त्याच काळात वाहिन्यांना सूचना आली की जनजागृतीखेरीज कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवू नये. ती सूचना वाहिन्यांना असली तरी आपणही ती पाळावी. सोसायटीच्या हॉलमधून भोंगा बाहेर गेला तर घबराट होईल. संहितेत 'भोंगा झाला का?' 'नाही झाला' एवढा संवाद पुरतो. दिवे मालवा, वॉर्डनची हाक येऊ द्या.

जागा, परवानगी, तालीम

मोठं नाट्यगृह घेऊ नका. साठ-ऐंशी खुर्च्यांचा हॉल, खुर्च्या तिन्ही बाजूंनी. ठाण्यात घाणेकर नाट्यगृहाचं लघु प्रेक्षागृह चालेल, तिकडे वाशी-नेरूळला शाळांचे हॉल बरे पडतात. सार्वजनिक नाट्यप्रयोग म्हणून करणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवा. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलिसांची परवानगी हवी, आणि रात्री दहाला बंद.

तालमी दोन टप्प्यांत घ्या. आधी फक्त आवाजाची, नटांनी डोळे मिटून बसायचं आणि ऐकूनच प्रवेश घ्यायचा. ती जमल्यावर हालचाली. शेवटची तालीम अनोळखी पाच-सहा माणसांसमोर करा आणि त्यांना एकच विचारा, 'कुठे कळेनासं झालं?'

हे पुनर्निर्मित आहे, असं ठणकावून सांगा

तुमचं काम चांगलं झालं तर त्याचा तुकडा व्हॉट्सअ‍ॅपवर '१९४४ चं दुर्मीळ मूळ ध्वनिमुद्रण' म्हणून फिरणार, हे धरून चाला. म्हणून प्रत्येक ध्वनिफितीच्या सुरुवातीला आणि शेवटी, वेगळी फाइल न ठेवता त्याच फितीत, साध्या आजच्या आवाजात म्हणा : 'हे पुनर्निर्मित प्रसारण आहे. निर्मिती अमुक मंडळ, ठाणे, साल अमुक.' नेताजी, गांधीजी, उषा मेहता यांच्या तोंडी कल्पित वाक्यं घालू नका आणि संगणकाने त्यांचे आवाज तर अजिबात बनवू नका. नेताजींनी ६ जुलै १९४४ ला रंगूनहून गांधीजींना उद्देशून भाषण केलं, त्यात राष्ट्रपिता म्हटलं. त्या भाषणाचे छापील शब्द उपलब्ध आहेत, तेच वाचा, आणि 'वाचन अमुक यांचं' असं सांगा. काँग्रेस रेडिओची प्रसारणं सरकारी यंत्रणा ऐकून टिपून ठेवत होती, त्यामुळे त्यांचेही खरे शब्द मिळू शकतात.

प्रयोग संपल्यावर दिवे लावा आणि तो उजवा रकाना उघडा. अग्निशमन सेवा सप्ताह १४ एप्रिललाच का सुरू होतो, हे इथे सांगा. मग श्रोत्यांना बोलू द्या. 'माझे आजोबा त्या दिवशी गोदीत होते' असं कुणी म्हटलं तर माइक त्यांच्याकडे द्या, रेकॉर्डर चालू असू द्या आणि दारापाशी एक वही ठेवा. नाव, फोन आणि घरात काही जुनं पत्र, रेशनकार्ड, फोटो आहे का, एवढे तीनच रकाने. दुसऱ्या दिवशी त्या वहीतल्या प्रत्येकाला फोन करा. रेकॉर्डिंगच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, फाइलच्या नावात तारीख आणि गाव घाला, आणि एक संच जवळच्या ग्रंथालयाला लेखी पत्रासह देऊन पोच घ्या.